आधी ओळख, मग ओढ

महिला फुटबॉलला प्रेक्षक का मिळत नाहीत, हा प्रश्न क्रीडासंघटकांच्या बैठकांत ज्या पद्धतीने विचारला जातो, त्या पद्धतीतच त्याचे चुकीचे उत्तर दडलेले असते. कारण प्रेक्षक हा एकसंध समूह आहे, त्याची आवड आधीच ठरून गेलेली आहे आणि संघटकाच्या हाती फक्त ती मान्य करणे उरले आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती अशी आहे की फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये महिलांच्या खेळाविषयी पूर्ण अनभिज्ञतेपासून निस्सीम निष्ठेपर्यंत अनेक पायऱ्या आढळतात आणि एका पायरीवरचा माणूस पुढच्या पायरीवर जातो की नाही, हे बव्हंशी खेळ चालवणाऱ्यांच्या कामावर अवलंबून असते. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि संघटक या मासिकाचे वाचक असल्यामुळे त्या कामाचा विचार येथे होणे अगत्याचे आहे.

आवड आणि ओळख यांचा संबंध किती घट्ट असतो, याचा पुरावा ग्वाल्हेरमध्ये, सिटी सेंटर परिसरालगतच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियममध्ये सापडतो, जरी तो फुटबॉलचा नसून क्रिकेटचा आहे. 24 फेब्रुवारी 2010 रोजी या मैदानावर सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 147 चेंडूंत नाबाद 200 धावा केल्या आणि तेव्हापासून 'एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक' हे शब्द ग्वाल्हेरच्या नावाशी कायमचे जोडले गेले. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटपुरते हे विधान अचूक आहे. परंतु त्याच्या सव्वाबारा वर्षे आधी, 16 डिसेंबर 1997 रोजी, मुंबईत वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर महिलांच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 धावा केल्या होत्या. प्रतिस्पर्धी संघ दुबळा होता हे खरे असले, तरी विक्रमाची नोंद प्रतिस्पर्ध्याची ताकद पाहून होत नसते. म्हणजे एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक भारताच्याच भूमीवर, तेही क्रिकेटची पंढरी म्हणवणाऱ्या मुंबईत झाले आणि क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या लाखो चाहत्यांच्या स्मरणात त्याला जागा मिळाली नाही. या चाहत्यांनी क्लार्कचा खेळ पाहून तो नाकारलेला नव्हता. तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

न पोहोचणे आणि न आवडणे या दोन गोष्टींतला फरक क्रीडा-व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी नीट मांडलेला आहे. डॅनियल फंक आणि जेफ्री जेम्स यांनी 2001 मध्ये चाहत्याच्या मानसिक प्रवासाचे चार टप्पे सुचवले. पहिला टप्पा जाणिवेचा, म्हणजे अमुक एक संघ अस्तित्वात आहे एवढे ठाऊक असण्याचा. दुसरा आकर्षणाचा, म्हणजे संधी मिळाली तर सामना पाहावासा वाटण्याचा. तिसरा जिव्हाळ्याचा, म्हणजे तो संघ स्वतःच्या ओळखीचा भाग बनण्याचा. आणि चौथा निष्ठेचा, म्हणजे संघ हरत असला, पाऊस पडत असला, तरी मैदानावर जाण्याचा. या मांडणीचा व्यावहारिक अर्थ असा की पहिल्या टप्प्यावर न पोहोचलेल्या माणसाकडून चौथ्या टप्प्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे आणि ती पूर्ण झाली नाही म्हणून त्याला दोष देणे त्याहून व्यर्थ आहे.

अर्थात सगळी उदासीनता केवळ अपरिचयातून येते असेही नाही. स्टेसी पोप, जॉन विल्यम्स आणि जेमी क्लेलँड या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या 1,950 पुरुष फुटबॉल चाहत्यांकडून माहिती मिळवून 2022 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत चाहत्यांच्या वृत्तीचे तीन प्रकार दिसून आले: महिलांच्या खेळाला मनापासून मान देणारे, त्याला उघडपणे तुच्छ लेखणारे, आणि चारचौघांत समानतेची भाषा बोलून मनात मात्र तुच्छताच बाळगणारे. तिसरा प्रकार संघटकांनी विशेष लक्षात घ्यावा, कारण उद्घाटनाच्या भाषणात महिला खेळाडूंचे कौतुक करून मैदानाच्या वाटपात त्यांना मागे ठेवणारी माणसे याच प्रकारात मोडतात. या अभ्यासातील आणखी एक बाब आशादायक आहे. 2015 च्या महिला विश्वचषकापासून प्रसारमाध्यमांत महिलांच्या सामन्यांना अधिक जागा मिळू लागली आणि खेळ नियमितपणे डोळ्यांसमोर आल्यामुळे अनेक पुरुष चाहत्यांचे मत बदलले, असे त्यात आढळले. पूर्वग्रह कठीण असतो खरा, पण तोही पुष्कळदा अपरिचयावरच पोसलेला असतो.

इतिहासही हेच सांगतो. 1920 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, केर लेडीज' या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहायला सुमारे 53,000 प्रेक्षक आले होते. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच 5 डिसेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने फुटबॉल हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली, आणि ही बंदी सुमारे अर्धे शतक टिकली. मैदान गेले तसे सामने गेले, सामन्यांबरोबर वार्ता गेल्या आणि वार्तांबरोबर प्रेक्षकांच्या दोन पिढ्या गेल्या. महिलांच्या फुटबॉलला पूर्वीपासूनच प्रेक्षक नव्हते, हा समज म्हणून खोटा आहे. प्रेक्षक होते, ते तोडले गेले. ते पुन्हा जोडता येतात, हे 22 एप्रिल 2022 रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर दिसले, जेव्हा बार्सिलोना आणि वोल्फ्सबर्ग यांच्या महिला संघांचा सामना पाहायला 91,648 प्रेक्षक आले.

भारतात बंदी नव्हती, पण सातत्यही नव्हते. 1975 मध्ये महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली, 1980 मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा 1983 मध्ये भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या, शांती मल्लिक यांना 1983 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि एवढे होऊनही महिलांची राष्ट्रीय लीग, म्हणजे इंडियन विमेन्स लीग, सुरू व्हायला 2017 साल उजाडावे लागले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत बोलका नमुना कोल्हापूर आहे. फुटबॉलवर इतका जीव लावणारे दुसरे शहर राज्यात नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालीम मंडळांचे, शिवाजी तरुण मंडळाचे आणि प्रॅक्टिस क्लबचे समर्थक राजर्षी शाहू स्टेडियमवर ज्या त्वेषाने उभे राहतात, तो फंक आणि जेम्स यांच्या चौथ्या टप्प्याचा, निष्ठेचा, आदर्श म्हणावा असा आहे. परंतु ही निष्ठा खेळाआधी पेठेशी आणि तालमीशी असते, आणि तालीम ही मुळात कुस्तीची, म्हणजे पुरुषांची जागा. मुलगा जन्मतःच कोणत्या संघाचा हे पेठ ठरवते; मुलींच्या संघाला मात्र अशी पेठ नसते. एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला, ही शहराला अभिमान वाटावा अशी घटना होती. पण त्या काळात लीगची अंतिम फेरी एकाच शहरात काही आठवड्यांत उरकली जात असे. 2018-19 ची फेरी लुधियानात झाली, 2019-20 ची बंगळुरूत. संघाच्या नावात कोल्हापूर आणि सामने शेकडो किलोमीटर दूर, अशा स्थितीत शाहू स्टेडियमवरच्या समर्थकाने त्या संघावर प्रेम करायचे तरी कसे? घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर आळीपाळीने सामने खेळण्याची पद्धत या लीगमध्ये 2023-24 पासून सुरू झाली. तोपर्यंत महिला संघांना गाव होते, पण घरचे मैदान नव्हते.

हीच गोष्ट नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दुसऱ्या बाजूने तपासता येते. 30 ऑक्टोबर 2022 रोजी तेथे सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाला 1-0 असे हरवले. 2 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि त्या रात्री देश जागा राहिला. या दोन रात्रींमधले अंतर केवळ यजमान संघाच्या यशापयशाने मोजता येणार नाही. क्रिकेटच्या त्या रात्रीमागे 2017 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील, लॉर्ड्सवरील नऊ धावांच्या पराभवाची आठवण होती, 2023 पासून दरवर्षी घराघरांत दिसणारी विमेन्स प्रीमियर लीग होती, सांगलीच्या स्मृती मानधनाचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ होते. फुटबॉलच्या विश्वचषकात भारतीय मुली अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने हरल्या, आणि स्पर्धा संपल्यावर त्या मुलींना पुन्हा पाहण्याची नियमित सोय प्रेक्षकाला उरली नाही. जागतिक स्पर्धेने जाणीव निर्माण होते. जिव्हाळा दर आठवड्याच्या सामन्यानेच निर्माण होतो.

महिलांच्या फुटबॉलचा दर्जाच कमी आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि त्याला प्रामाणिकपणे उत्तर देणे आवश्यक आहे. वेग आणि शारीरिक ताकद यांत पुरुषांच्या आणि महिलांच्या खेळांत फरक आहे, हे शरीरशास्त्र जाणणारा कोणताही प्रशिक्षक नाकारणार नाही. परंतु चाहत्याची निष्ठा दर्जाच्या मोजपट्टीने चालत असती, तर युरोपातील लीगचे सामने घरबसल्या दिसत असताना पेठांच्या संघांसाठी कोणी शाहू स्टेडियम भरले नसते. माणूस आपला संघ पाहायला जातो, जगातला सर्वोत्तम संघ पाहायला नव्हे. शिवाय दर्जा हा सराव, आहार, प्रशिक्षण आणि सामन्यांची संख्या यांतून घडतो. या चारही बाबी अपुऱ्या ठेवून दर्जाकडे बोट दाखवणे न्यायाला धरून नाही. तशा स्थितीतही 5 जुलै 2025 रोजी चियांग माईत भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच मैदानावर 2-1 असे हरवून 2026 च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली आणि भारताचे दोन्ही गोल संगीता बासफोरने केले. हे नाव किती शाळांच्या फलकांवर लिहिले गेले, याचा विचार प्रत्येक वाचकाने आपापल्या शाळेपुरता करावा.

कारण ओळखीची सुरुवात शाळेच्या मैदानावरच होते. दुपारी अडीच वाजता, उन्हाचा कडाका असताना, फक्की पुसट झालेल्या मैदानावर मुलींचा आंतरशालेय सामना सुरू होतो. गोलपोस्टला जाळी नसते, कारण ती चारच्या मुलांच्या सामन्यासाठी राखून ठेवलेली असते. जर्सीवर क्रमांक असतात, पण गोल कोणी केला हे गुणपत्रकावर लिहिले जात नाही, फक्त 3-1 एवढाच निकाल उरतो. चार वाजता नव्याने फक्की पडते, जाळी बांधली जाते, ध्वनिक्षेपक सुरू होतो आणि बाके भरतात. या दोन तासांत कोणीही मुलींविरुद्ध एक शब्दही उच्चारलेला नसतो, तरीही कोणता सामना पाहण्याजोगा आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला कळून चुकलेले असते.

ही घडी बदलणे क्रीडाशिक्षकाच्या हातात आहे आणि त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मुलींचा सामना मुलांच्या सामन्याला लागून, त्याच जाळीसह, त्याच पंचांसह आणि संध्याकाळच्या वेळेत ठेवला, तर जाणिवेचा टप्पा एका हंगामात ओलांडता येतो. गोल करणारीचे आणि गोल अडवणारीचे नाव गुणपत्रकावर, फलकावर आणि स्थानिक वृत्तपत्राला पाठवलेल्या निकालात लिहिले, तर आकर्षणाला चेहरा मिळतो. संघाला वर्षभर एकच मैदान आणि ठरलेला वार दिला, तर जिव्हाळ्याला घर मिळते. तालीम मंडळांनी आणि क्लबांनी आपल्याच नावाने, आपल्याच रंगाच्या जर्सीत मुलींचा संघ उतरवला, तर पेठेची पिढीजात निष्ठा त्याच्यामागे आपोआप उभी राहते. नवी निष्ठा घडवण्यापेक्षा असलेल्या निष्ठेचे दार उघडणे सोपे असते. तुच्छतेने शेरे मारणाऱ्यांशी वाद घालण्यात शक्ती खर्च करण्याऐवजी जे अद्याप अनभिज्ञ आहेत, त्यांच्यापर्यंत आधी पोहोचावे, कारण संख्येने तेच अधिक आहेत.

सुरुवातीला ज्याचा उल्लेख आला, त्या ग्वाल्हेरला क्रीडाशिक्षक घडवण्याच्या कार्याची परंपरा आहे. 1857 च्या स्वातंत्र्ययुद्धाला शंभर वर्षे झाली त्या 1957 साली, जिथे राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले त्या शहरात, त्यांच्याच नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले, जे आज अभिमत विद्यापीठ आहे. मध्य प्रदेश राज्याची महिला हॉकी अकादमीही याच शहरात आहे. रणांगणावर लढलेल्या स्त्रीचे नाव घेऊन ज्या संस्थेत क्रीडाशिक्षक घडतात, तिच्या परंपरेत काम करणाऱ्यांनी मुलींच्या सामन्याला उरलेली वेळ आणि उरलेले मैदान देणे शोभत नाही. म्हणून प्रत्येक वाचकाला एकच विनंती आहे: येत्या हंगामाचे वेळापत्रक आखताना मुलींचा निदान एक सामना संध्याकाळी पाच वाजता ठेवावा, त्यासाठी नव्याने फक्की मारावी, जाळी बांधावी आणि प्रत्येक गोलापुढे खेळाडूचे पूर्ण नाव लिहावे.