पोथीची गांठ कोणीं सोडिली?

घरांत पोथ्यांचा संग्रह मोठा असला, तरी बहुतेक पोथ्या बासनांत बांधलेल्याच असतात. जिचें काम पडेल तिचीच गांठ सुटते. सजीव पेशींतील आनुवंशिक लेखाची व्यवस्थाहि कांहींशी अशीच आहे. आपल्या यकृताच्या व मेंदूच्या पेशींत लेख एकच. परंतु त्यांतील निरनिराळीं जनुकें वाचलीं जात असल्यामुळें त्यांचीं कामें भिन्न होतात. मग कोणतें जनुक उघडावें व कोणतें मिटावें, हें ठरतें कसें? या प्रश्नाचा बराचसा उलगडा पाव फुगविणाऱ्या क्षुद्र यीस्टनें करून दिला. तीच हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें मांडावी, असें आम्हीं योजिलें आहे.

डी. एन. ए.चा धागा पेशींत मोकळा पडलेला नसतो. हिस्टोन नांवाच्या प्रथिनांचे आठ रेणू मिळून एक रीळ बनतें, व त्याभोंवतीं धाग्याच्या सुमारें १४७ अक्षरजोड्या गुंडाळलेल्या असतात. या प्रथिनांचीं शेपटें रिळाबाहेर लोंबत असतात. धाग्यावर ऋण विद्युद्भार, तर शेपटांतील लायसीन या घटकावर धन. म्हणून दोहोंची मिठी घट्ट बसते. लायसीनला ॲसिटिल गट चिकटला म्हणजे त्याचा धन भार नाहींसा होतो व मिठी सैल पडते. हे फेरफार जनुकांच्या वाचनाचें नियमन करीत असावेत, असें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील व्हिन्सेंट ऑलफ्री व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं सुचविलें.

सूचना मार्मिक खरी. परंतु उघड्या जनुकापाशीं ॲसिटिलची खूण आढळली, एवढ्यानें त्या खुणेनेंच तें उघडिलें हें सिद्ध होत नाहीं. पाऊस पडतांना रस्त्यांत छत्र्या दिसतात, म्हणून छत्र्यांनीं पाऊस पाडिला असें कोणी म्हणत नाहीं. कारण कोणतें व परिणाम कोणता, हें पाहण्यास हिस्टोनच बदलून पाहिला पाहिजे. मनुष्याच्या पेशींत हिस्टोनांचीं जनुकें इतकीं अनेक, कीं हा प्रयोग दुष्कर. यीस्टमध्यें मात्र रिळांतील प्रत्येक प्रकाराच्या हिस्टोनचीं दोनच जनुकें असतात.

ही सोय ओळखून लॉस एंजेलिस येथें मायकेल ग्रुनस्टाइन यांनीं यीस्टच्या एच ४ हिस्टोनचें शेपूट छाटून पाहिलें. १९८८ सालीं असें दिसलें कीं, एरवीं कायमच्या मिटलेल्या कांहीं जनुकांच्या राखीव प्रती त्यामुळें उघड्या पडल्या, व यीस्टला जोडीदाराशीं मीलन करितां येईना. उलट, दुधाच्या साखरेपासून मिळणारी गॅलॅक्टोज पचविण्याचें जनुक नीट उघडेना, हें १९९१ सालीं आढळलें. तेंच शेपूट एके ठिकाणीं मिटण्यास व दुसरीकडे उघडण्यास आवश्यक! अर्थात् हिस्टोन हें निव्वळ वेष्टन नव्हे.

मग खूण उमटविणारा कोण? १९९६ सालीं डेव्हिड ॲलिस यांनीं टेट्राहायमेना या एकपेशीय जीवांतून ॲसिटिल बसविणारें एन्झाइम शोधिलें. तें यीस्टच्या जी. सी. एन. ५ या प्रथिनासारखेंच निघालें. आणि हें प्रथिन जनुकवाचनास साह्य करितें, हें आधींच ठाऊक होतें. त्याच वर्षीं स्टुअर्ट श्रायबर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ॲसिटिल काढून टाकणारें मानवी एन्झाइम शोधिलें. त्याचें साम्य यीस्टमधील जनुकें मिटविणाऱ्या आर. पी. डी. ३ शीं निघालें. गांठ सोडणारा व बांधणारा, दोघेहि एकाच वर्षीं सांपडले.

तथापि प्रत्येक खूण ही किल्ली नव्हे. यीस्टचें सेट २ हें एन्झाइम वाचन करणाऱ्या यंत्रणेबरोबरच चालत जातें व मागें मिथिलची खूण सोडतें. येथें वाचन आधीं, खूण नंतर. तीहि व्यर्थ नाहीं: तिच्या आधारें आर. पी. डी. ३ चा संघ येऊन मागील ॲसिटिल पुसतो, म्हणजे जनुकाच्या मध्येंच भलत्या ठिकाणाहून वाचन सुरू होत नाहीं.

या ज्ञानाचा उपयोग रुग्णांपर्यंत पोंचला आहे. ॲसिटिल काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारें व्होरिनोस्टॅट हें औषध त्वचेंतील एका प्रकारच्या लिंफोमा कर्करोगावर अमेरिकेंत २००६ सालीं मान्य झालें. पण असें औषध एकाच जनुकाची गांठ निवडून सोडीत नाहीं. त्याचा परिणाम अनेक जनुकांवर होतो. म्हणून अमुक चूर्णानें वा अमुक आहारानें 'जनुकें जागीं होतात' असें कोणीं सांगितल्यास आमच्या वाचकांनीं दोनच प्रश्न विचारावेत: कोणतें जनुक? आणि दाखविलेली खूण हें कारण, कीं मागाहून उमटलेला परिणाम? यीस्टसारख्या जीवाकडून हें उत्तर मिळविण्यास शास्त्रज्ञांना कित्येक दशकें खर्चावीं लागलीं. तें जाहिरातीच्या एका ओळींत मिळेल, अशी आशा सुज्ञांनीं धरूं नये.