ज्येपासून स्वरापर्यंत

संगणकाकडून ध्वनि घडवून घेण्याची विद्या अलीकडे पुष्कळ तरुणांस, आणि कांहीं सेवानिवृत्त गृहस्थांसहि, खुणावूं लागली आहे. परंतु बहुतेकांचा आरंभ चुकीच्या टोकाकडून होतो. पहिल्याच आठवड्यांत ते तयार साधनांचा मोठा संग्रह गोळा करतात, फूरियेच्या पृथक्करणाचीं सूत्रें समोर येतात, पडद्यावर चुकांच्या तांबड्या ओळी उमटतात, आणि महिन्याभरांत ‘आपल्याला गणितच येत नाहीं’ असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. घरांतील वडील माणसें तो निकाल खरा मानतात, हें त्याहून वाईट. आमच्या मतें दोष बुद्धीचा नसून पहिल्या पायरीचा असतो. आणि ती पायरी आम्हां खानदेशकरांस दूर शोधावी लागत नाहीं.

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबाचा जलद चढउतार. संगणक ठराविक क्षणीं त्याचें माप घेतो व तें संख्येनें लिहून ठेवतो. संगीताच्या सीडीवर एका सेकंदास अशीं ४४,१०० मापें असतात. चित्रपटांच्या ध्वनींत बहुधा ४८,०००. सोळा बिटांच्या पद्धतींत प्रत्येक माप उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतची एक पूर्णांक संख्या असते. तेव्हां स्वर निर्माण करणें म्हणजे योग्य संख्यांची ओळ लिहिणें, एवढेंच. आणि अगदीं शुद्ध, एकेरी स्वराची ओळ म्हणजे ज्यांची कोष्टकमाला होय.

चाळीसगांवजवळ पाटणें येथील देवीच्या देवळांत इ. स. १२०७ मधील शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं स्थापिलेल्या मठाची व त्यास मिळालेल्या दानाची नोंद त्यांत आहे. त्याच भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, ज्योत्पत्तीच्या प्रकरणांत, एकेका अंशानें पुढें जाण्याचा नियम दिला आहे. ज्येंतून तिचाच ६५६९ वा अंश वजा करावा. कोटिज्येच्या दहापटीस ५७३ नें भागावें. दोहोंची बेरीज ही पुढील अंशाची ज्या. कोटिज्येंतून तसाच अंश वजा करून ज्येच्या दहापटीचा ५७३ वा भाग आणखी वजा केला, कीं पुढील कोटिज्या मिळते.

नवशिक्यानें हाच नियम संगणकास सांगावा. पायथॉन ही भाषा फुकट मिळते, व ध्वनीची फाइल लिहिण्याचें साधन तिच्यांतच असतें. त्रिज्या १०,००० धरावी. आरंभीं ज्या शून्य, कोटिज्या १०,०००. दोन पायऱ्या आधीं कागदावर कराव्या: पहिली ज्या १७४·५, दुसरी ३४९·० येते. मग ३६० पायऱ्या संगणकाकडून करवून घ्याव्या. तिसावी ज्या ५,००० च्या अगदीं जवळ आली पाहिजे, कारण तीस अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी असते. न आल्यास चूक आपल्या लेखनांत आहे, आणि ती शोधण्यास दहाच ओळी वाचाव्या लागतात.

या ३६० संख्या सेकंदास ४८,००० या गतीनें पुनःपुन्हा वाजविल्या, कीं सेकंदास सुमारे १३३ आवर्तनें होतात. पुरुषाच्या आवाजास साजेसा षड्ज ऐकूं येतो. आवाज मात्र आरंभीं लहान ठेवावा. आतां त्याच कोष्टकांतील दर चौथी संख्या घेऊन एक स्वर करावा, दर पांचवी घेऊन दुसरा, दर सहावी घेऊन तिसरा. सा, ग आणि प उभे राहतात! तिन्ही ओळी मिळवून तिहींनीं भागल्या, कीं तिन्ही स्वर एकत्र वाजतात. ४ : ५ : ६ हें प्रमाण पुस्तकांत वाचणें निराळें, आणि आपण लिहिलेल्या संख्यांतून तें कानावर पडणें निराळें.

पुढील धडाहि येथेंच आहे. ३६० वर न थांबतां नियम तसाच चालूं दिला, तर स्वर हळूहळू मोठा होत जातो. नियमांतील अपूर्णांक अतिशय जवळचे असले तरी नेमके नव्हत. प्रत्येक पायरीस केसाएवढी वाढ होते, आणि सेकंदास ४८,००० पायऱ्यांच्या हिशेबानें साडेतीन मिनिटांत आवाजाची पातळी दुप्पट होते. सुमारे सहा मिनिटांनीं सोळा बिटांची मर्यादाच ओलांडली जाते. लहान चूक सांठत जाऊन मोठी कशी होते, व प्रत्येक आवर्तनास ज्या पुन्हा शून्यावर आणून ती कशी आवरावी, हें ज्याला येथें उमगलें, त्याला ध्वनिगणिताच्या मोठ्या ग्रंथांचें भय उरत नाहीं.

कोणी यावरून आपल्या पूर्वजांस संगणकच ठाऊक होता अशी बढाई मारूं नये. भास्कराचार्यांनीं हा नियम ग्रहगणितासाठीं दिला. स्वराशीं त्याचा संबंध जोडला नव्हता. तथापि हें सर्व परकें असून आपल्या आवांक्याबाहेरचें आहे, ही समजूतहि तितकीच पोकळ. एकत्र कुटुंबांत ज्या-कोटिज्या समजावून देणारे आजोबा असतात, पंचम बरोबर लागला कीं नाहीं हें सांगणारी सून असते, आणि दहा ओळी टंकणारा नातू असतो. सुट्टीच्या एका दुपारीं तिघांनीं एकत्र बसावें. शिकवणीची फी भरण्याचा विचार त्यानंतर करावा.