शिडी कुणी धरायची?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात एक प्रश्न हमखास निघे : शिडी कुणी धरायची? प्रश्न आपला रीतीपुरता. उत्तर ठरलेले असे. शिडी आई धरी. वडील वर चढत, अंगणातल्या बांबूच्या शेंड्याला आकाशदिव्याची दोरी ओवून गाठ मारीत आणि खाली आई दोन्ही हातांनी शिडीचे पाय गच्च धरून, वर न पाहता म्हणे, “झालं का? आता उतरा.”

बाळकुमला आमचे घर अजून बैठे आणि कौलारू आहे. भोवताली तीस-तीस मजल्यांचे मनोरे उठले, कशेळीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. त्या सगळ्यांत आमचा बांबू म्हणजे हत्तींच्या कळपात चुकून शिरलेला बगळाच! मी एकदा वडिलांना म्हटलेही, “समोरच्यांच्या गॅलरीतला कंदील आपल्यापेक्षा दोनशे फूट आभाळाच्या जवळ आहे.” ते म्हणाले, “असू दे. आपला दिवा आभाळात पोचायचा नाही. खाली घर कुठं आहे, ते वरच्यांना दिसायला हवं.”

यंदा चैत्रात वडील गेले.

पितृपंधरवड्यातच नातलगांचे फोन येऊ लागले. यंदा तुमच्याकडे दिवाळी नाही, फराळ आम्ही पाठवू, आणि हो, कंदील लावू नका हं. आईने ‘बरं’ म्हटले नाही आणि ‘का?’ असेही विचारले नाही. ती संध्याकाळी पायरीवर बसते आणि बांबूच्या मोकळ्या शेंड्याकडे पाहते. ते पाहणे मला सोसेना.

मी पडलो मराठीचा मास्तर. काही सोसेनासे झाले की पुस्तक उघडायचे, ही आमच्या धंद्याची खोड. पण या खेपेला पुस्तकाआधी भिंतीवरच्या एका चित्राने मला धरले.

वडील फोर्टात एका पारशी सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होते. साहेब फ्रीमेसन. साहेब वारले तेव्हा त्यांचे कागद रद्दीत निघाले आणि त्यांतले एक रंगीत चित्र वडिलांनी मागून आणले. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, तिच्यावर तीन खांब, मध्ये एक चौथरा, चौथऱ्यावर उघडा ग्रंथ, आणि त्या ग्रंथावर पाय टेकून ढगांत गेलेली एक लांब शिडी. वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चांदण्यांसह चंद्र, आणि शिडीच्या टोकाशी एक झगझगीत तारा. आजीने ते वैकुंठाचे चित्र ठरवून टाकले होते. फरशी म्हणजे सोंगट्यांचा पट, असेही ती ठासून सांगे. एका चैत्रात तिने त्याला हळदकुंकूही वाहिले. काचेवर तो डाग अजून आहे.

लहानपणी वडिलांनी मला स्टर्लिंग सिनेमाजवळची फ्रीमेसन्स हॉलची इमारत दाखवली होती. बाहेरूनच. अशा इमारतींना आपल्याकडे लोक ‘जादूघर’ म्हणत. किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीतही तो शब्द आला आहे. आत बंद दाराआड काय चालते ते कळत नाही, तेव्हा जादूच चालत असणार, हा आपला सरळ हिशेब! प्रत्यक्षात आत आजीच्या त्या वैकुंठाचे निरूपण चालते. मेसन लोकांत पहिली दीक्षा घेणाऱ्याला असा एक चित्रफलक समजावून सांगतात. त्यावरची शिडी याकोबाची. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात ती गोष्ट आहे. भावाच्या धाकाने घर सोडून पळालेला याकोब उजाड रानात दगड उशाला घेऊन झोपतो आणि स्वप्नात त्याला पृथ्वीवर टेकलेली, स्वर्गाला भिडलेली शिडी दिसते. तिच्यावरून देवदूत चढत असतात, उतरतही असतात. हे ‘उतरतही’ तुम्ही लक्षात ठेवा, मी पुढे त्यावर येणार आहे.

शिडीच्या पायऱ्या पुष्कळ, पण मुख्य तीन : श्रद्धा, आशा आणि परोपकार. तिसरी सर्वांत वरची. म्हणजे स्वर्गाच्या अगदी जवळची पायरी शेजाऱ्याच्या घरी जाणारी निघाली!

शिडीचा पाय ज्या ग्रंथावर टेकायचा तो ग्रंथ कुणाचा, यावर मात्र या देशात बराच खल झाला. माणिकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या गोऱ्या लॉजांनी दारातूनच परत पाठवले, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये जाऊन दीक्षा घेतली. पुढे डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश गृहस्थांनी 1843 साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज एतद्देशीयांसाठी काढले. हिंदूंची गोष्ट आणखी अवघड. यांचे देव अनेक, मग हे शपथ कुणाची घेणार, असा आक्षेप निघाला. अखेर 1872 साली कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळाला. त्याच लॉजमध्ये 1884 साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाले. 1961 साली भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले. इथल्या लॉजांत चौथऱ्यावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे अनेक ग्रंथ ठेवण्याची रीत आहे. ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यावी. शिडी एक, पाय टेकायला जागा अनेक. आमच्या अंगणात फरशी उखडलेली असल्याने हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटतो.

शिडीचे हे वेड मेसनांच्याही कितीतरी आधीचे आहे. रोमन साम्राज्यात मिथ्राचे उपासक सात दारांची शिडी मानीत. दुसऱ्या शतकातल्या सेल्ससने केलेले तिचे वर्णन ओरिजेनच्या ग्रंथामुळे टिकले. पहिले दार शिशाचे, ते शनीचे. सहावे चांदीचे, चंद्राचे. सातवे सोन्याचे, सूर्याचे. आणि सर्वांवर आठवे. हा मिथ्र म्हणजे नावाने तरी इराणी मिथ्राचा आणि आपल्या वेदांतल्या मित्राचा भाऊबंद.

आपल्याकडे काय? वर्गात हे विचारले की मुले त्रिशंकूचे नाव घेतात. पण त्याला कुठे शिडी होती? तो विश्वामित्राच्या तपाच्या जोरावर गेला आणि अधांतरी लटकला. दुसरा हुशार विद्यार्थी गीतेच्या पंधराव्या अध्यायातला उलटा अश्वत्थ काढतो : मुळे वर, फांद्या खाली. ज्ञानेश्वरांनी त्या झाडावर किती ओव्या खर्चल्या आहेत! पण ते झाड चढायचे नव्हेच, वैराग्याच्या शस्त्राने तोडायचे आहे. उद्यापर्यंतही टिकत नाही म्हणून तो ‘अश्वत्थ’. मेसनाची शिडी आणि आपला अश्वत्थ एकच, असे म्हणणारी गूढविद्येची पुस्तके मी चाळली आहेत. मला ते पटत नाही. चढायचे आणि तोडायचे यांत फरक नको का करायला?

खरी शिडी मला सापडली ती शतपथ ब्राह्मणात, वाजपेय यज्ञाच्या प्रकरणात. सतरा अरत्नी उंचीचा यूप, सतरा वस्त्रांनी गुंडाळलेला, माथ्यावर गव्हाच्या पिठाचे कडे. यजमान त्याला शिडी लावतो आणि एकटा चढत नाही, पत्नीला हाक मारतो : चल, आपण स्वर्गात चढू. कारण पत्नीवाचून तो अर्धा. आणि अर्ध्या माणसाला वर प्रवेश कुठला? (मेसनांच्या मूळ परंपरेत बायकांना मज्जाव आहे. ॲनी बेझंट ज्या शाखेत गेल्या ती स्त्रीपुरुषांची शाखा वेगळी निघाली.) वर पोचल्यावर तो गव्हाला हात लावतो आणि स्वर्ग गाठल्याचे सांगतो. यूपाच्याही वर डोके काढून अमर झाल्याचे सांगतो. इथे कुणाही कवीने पडदा पाडला असता. पण पुढेच मौज आहे. खालचे लोक पिंपळाच्या पानांत बांधलेल्या खाऱ्या मातीच्या पुड्या त्याच्याकडे फेकतात. मग तो खाली पाहतो, पृथ्वीला आई म्हणून नमस्कार करतो, आणि उतरतो. स्वर्गात पोचलेला माणूस उतरतो! याकोबाचे देवदूतही उतरत होतेच.

मी पुस्तक मिटले ते इथे. आकाशदिव्याचे शास्त्र पाहायला मग फार वेळ लागला नाही. कार्तिकात उंच काठीवर दिवा टांगायचा तो देवासाठी आणि पितरांसाठी. महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून दिवाळीच्या अमावास्येला उल्का दाखवतात, म्हणजे पेटती चूड. काशीच्या घाटांवर अजून बांबूच्या टोकांना टोपल्यांतून दिवे चढतात. मग ज्या घरातला माणूस नुकताच गेला त्याच घराने दिवा लावू नये, हे कुठले तर्कशास्त्र? फराळ नको, फटाके नकोत, नवे कपडे नकोत, सगळे कबूल. पण दिवा ही सणाची शोभा असण्याआधी गेलेल्याची सोय आहे. आत्याबाईंना मी हे फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, “तुला पुस्तकातलं सगळंच सापडतं रे.” बोलणे खोटे नव्हते.

हा लेख धाडायच्या आदल्या संध्याकाळी, बांबू कुजला आहे का ते पाहू असे म्हणत मी शिडी काढली. आईशी मी शतपथातले काही बोललो नाही. शिडी लावली तोच ती पायरीवरून उठली आणि येऊन दोन्ही हातांनी शिडी धरली. ब्याऐंशी वर्षांचे हात ते. आमच्या सौ. धावत आल्या, “आई, तुम्ही व्हा बाजूला, मी धरते.” आई हलली नाही. मी चार पायऱ्या चढलो, तेव्हा तिच्या मनगटांची थरथर मला पायाखाली कळली. थांबलो. खाली कुणी काही बोलेना.

मग आई सौ.ना म्हणाली, “अगं, तो पाय तू धर. हा माझा.”

मी वर गेलो. बांबू शाबूत होता. दोरी ओवली, वडिलांना येई ती गाठ मला येत नाही, दोनदा सुटली. समोरच्या मनोऱ्यांत दिवे लागत होते, खाडीकडून वारा सुटला होता.

“झालं का?” आई खाली बघूनच म्हणाली. “आता उतर.”