आवाज कोणाचा, भाषा कोणाची?

संगणकावरील युद्धखेळांचे नाव काढले की आपल्या प्राध्यापकवर्गाच्या कपाळाला आठी पडते. ती योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. मला लिहायचे आहे ते या खेळांत चालणाऱ्या बोलण्याविषयी. कारण तेथे जे घडते ते वर्गातही घडते.

'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ साली आला आणि २०१९ साली नव्या रूपात पुन्हा आला. त्यात चार विरुद्ध चार असा सामना खेळता येतो. हात माउस आणि कीबोर्डवर गुंतलेले, तेव्हा मसलत तोंडानेच करावी लागते. त्यासाठी आम्ही डिस्कॉर्ड वापरतो. आमच्या चौघांत मी आणि माझा मावसभाऊ बालाघाटचे, एक गोंदियाचा, आणि चौथा याच कॉलेजातील कन्नडभाषिक मित्र. साहजिकच एकाने नियम सुचवला : सर्वांनी इंग्रजीतच बोलावे. मी त्याला विरोध केला आणि आजही करतो.

त्या नियमाने काय झाले? मावसभाऊ आमच्यातला सर्वांत तल्लख टेहळ्या. शत्रूचे घोडदळ त्याला सर्वांआधी दिसे. पण इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत ते घोडे आमच्या शेतात पोचलेले असत. दोन दिवसांनी त्याने माइकच बंद ठेवला. गंमत पाहा, या खेळातला जपानी शिपाई जपानीत उत्तर देतो, फ्रेंच शिपाई फ्रेंचमध्ये. आणि त्यांना हुकूम देणारा माणूस मात्र भाषेपायी मुका!

आणि तो काही भाषेत कच्चा नाही. १९५६ पूर्वी जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशातच राहिले. तेव्हापासून राज्याची सीमा गोंदिया आणि बालाघाट यांच्या मधून जाते. तिथली कित्येक माणसे घरी मराठी किंवा पोवारी आणि बाजारात हिंदी बोलतात. एका वाक्यात दोनदा भाषा बदलतात. अशा माणसाला 'तुला बोलता येत नाही' असे वाटायला लावणारा नियम शिस्तीचा कसा म्हणावा?

मूळ खेळात या अडचणीवर एक जुनी तोड आहेच. ३ हा आकडा पाठवला की सोबत्याला 'अन्न दे' अशी हाक ऐकू जाते; ४ म्हणजे लाकूड, ५ सोने, ६ दगड. आकड्यांना व्याकरण नसते! त्याच धर्तीवर आम्ही बारा शब्द ठरवले. ज्या भाषेतला शब्द आखूड आणि गोंगाटातही स्पष्ट, तो घ्यायचा. 'मदतीला या' यासाठी कन्नड 'बा', 'थांब' मराठीतला, 'घोडा' सर्वांचाच. दिशेसाठी घड्याळाचे तास. डाव संपल्यावर मात्र ज्याला ज्या भाषेत भांडायचे त्याने त्या भाषेत भांडावे. मावसभावाचा माइक आता पुन्हा चालू असतो, किंबहुना जरा जास्तच.

हे सारे साधायचे तर माइक सतत उघडा नको. डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये 'पुश टू टॉक' निवडावे, म्हणजे बटण दाबले असेल तेव्हाच आवाज जातो. बटण खेळात न लागणारे घ्यावे. माउसच्या बाजूचे उत्तम. ब्राउझरमधून ही सोय खेळताना चालत नाही, संगणकावर ॲपच लागते. आणि खेळ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला असेल तर ॲपही तसेच चालवावे, एरवी बटण दाबून उपयोग नाही. ब्लूटूथचे इअरफोन मिरवायला ठीक, पण त्यांचा माइक सुरू झाला की ऐकू येणारा आवाज बहुधा पत्र्यासारखा होतो. साधा वायरचा हेडफोन घ्यावा.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून हिशेबही मांडतो. चॅनेलचा नेहमीचा दर सेकंदाला ६४ किलोबिट; म्हणजे एका उघड्या माइकचे तासाला सुमारे २९ मेगाबाइट, तिघांचे ८६. मोबाइलच्या डेटावर खेळणाऱ्यालाही ही रक्कम जड नाही, आणि दर निम्मा करता येतो. पण तीन घरांचे पंखे, कुकरच्या शिट्ट्या आणि कोणाचे तरी चिवडा खाणे तासभर ऐकायचे, तो खर्च कोणत्या खात्यावर टाकावा?

'माघार'साठी मात्र आमचे अजून एकमत नाही. गोंदियाचा मित्र 'पळ' म्हणतो. कन्नड मित्राच्या मते ते गोंगाटात 'फळ' ऐकू येते आणि तो बोरे तोडायला माणसे धाडतो.