वाचण्याची सोय झाली, छापण्याचे काय?

'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे सरकारी विद्यापीठांच्या ग्रंथपालांना प्रकाशकांशी दरवर्षी करावी लागणारी घासाघीस बरीच टळली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी केंद्राने ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्रामार्फत उपलब्ध झाली. वाचण्याचा प्रश्न तूर्त सुटला, छापण्याचा नाही. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन प्राध्यापक बहुधा स्वामित्वहक्कासह, विनामोबदला प्रकाशकाच्या हाती देतात आणि तेच पुन्हा सार्वजनिक पैशाने विकत घेतले जाते. करारावर सही करण्यापूर्वी लेखाची स्वीकृत प्रत विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात ठेवण्याचा हक्क राखून घ्या, हे बजावू शकणारा जाणकार म्हणजे ग्रंथपाल. पण वर्गणीची व्यवस्था दिल्लीत होते म्हटल्यावर ते पद रिक्त ठेवण्याचा मोह राज्यांना होणारच.