‘बदलून टाक’ म्हणण्याआधी...

‘माझ्या मते’ या दोन शब्दांनी लेखाची सुरुवात करायची असं मी ठरवलं होतं. टाइप केलं, तर स्क्रीनवर उमटलं, ‘झय ते’. पुन्हा टाइप केलं, पुन्हा ‘झय ते’! मी कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे रूमवर हशा पिकला. ‘‘हिचं मराठी एवढंच!’’ पण या वेळी दोष माझ्या शुद्धलेखनाचा नव्हता, लॅपटॉपच्या कीबोर्डचा होता. मॅगझिनसाठी मी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. त्यात ‘ई’च्या बटणावर काना असतो, ‘डी’वर पाय मोडायचं चिन्ह आणि ‘सी’वर म. ही तिन्ही बटणं एकाच रात्री संपावर गेली होती. आता काना, पाय मोडणं आणि म सोडून मराठीत काय उरतं, ते तुम्हीच लिहून बघा.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. दुकानदाराने दोन-चार बटणं दाबली आणि निकाल दिला, ‘‘कीबोर्ड गेलाय मॅडम, बदलून टाका. अडीच हजार होतील.’’ हॉस्टेलवरही तोच सल्ला, ‘‘बदलून टाक ना, कशाला डोक्याला ताप?’’ मी बाबांना फोन लावणारच होते. पण खरं सांगू का, मला दुकानदाराचा राग आला नाही, स्वतःचाच आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे मी, आणि साधं बटण चालेना तर मला सुचलेला एकमेव उपाय म्हणजे बाबांचे पैसे!

म्हणून फोन करण्याआधी आमच्या लॅबमधल्या मामांकडे गेले. म्हटलं, ‘‘मामा, तीन बटणं गेली.’’ मामा म्हणाले, ‘‘किती गेली ते नंतर सांग, कोणती गेली ते आधी सांग.’’

मग नीट बसून प्रत्येक बटण तपासलं. आधी बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडून पाहिला. तो व्यवस्थित चालला, म्हणजे विंडोज आणि सेटिंग्ज ठीक, दोष आतल्या कीबोर्डचाच. मग लक्षात आलं, की बिघडलेली बटणं तीन नाहीत, चार आहेत. ३, ई, डी, सी. वरून खाली, एकाखाली एक!

आणि तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. आडव्या आणि उभ्या ओळींचं जाळं असतं. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी ओळ जोडली जाते, आणि कंट्रोलर सतत ओळी तपासत ती जोडी शोधतो. ८ आडव्या आणि १६ उभ्या ओळी घेतल्या, तर अवघ्या २४ ओळींत १२८ बटणं भागतात. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरसाठी ८२७९ ही चिप मी पाठ केली होती. ८ × ८ ची मॅट्रिक्स, ६४ बटणं, सगळं व्हायवात धडाधड सांगून मार्कही घेतले होते. पण तीच मॅट्रिक्स रोज माझ्या बोटांखाली असते, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

चहा सांडला असता तर त्या जागेची आजूबाजूची बटणं गेली असती. इथे एक अख्खी उभी ओळ गेली होती. म्हणजे चार बटणं बिघडलेली नव्हती, एक कनेक्शन तुटलं होतं. वॉरंटी केव्हाच संपलेली. मामांच्या देखरेखीखाली लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, मागचं कव्हर उघडून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. कीबोर्डची चपटी रिबन केबल जराशी तिरकी बसली होती. कनेक्टरची पट्टी हलकेच उचलून केबल काढली, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, वाळू दिलं आणि सरळ बसवलं. लॅपटॉप सुरू केला आणि टाइप केलं, ‘माझ्या मते’. जसंच्या तसं उमटलं! एकूण खर्च, मामांसाठी एक कटिंग.

दरवेळी असं होईलच असं नाही. आतली ओळच तुटली असती तर कीबोर्ड बदलावाच लागला असता. काही लॅपटॉपमध्ये तो वरच्या कव्हरला रिव्हेटने पक्का केलेला असतो, ते काम रूमवर होत नाही. पण मग अडीच हजार कशासाठी देतोय हे तरी कळलं असतं.

त्यानंतर हॉस्टेलवर मी कीबोर्डची डॉक्टरच झाले. एका ज्युनिअरची बटणं ‘मंद’ झाली होती. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरल्यामुळे तिच्याकडून फिल्टर कीज चालू झाल्या होत्या. दुसरीच्या छोट्या लॅपटॉपवर अक्षरांऐवजी आकडे उमटत होते, तर नम लॉक चालू होता! दोघीही दुकानात निघाल्या होत्या.

तर माझ्या मते (आता हक्काने म्हणते) दोष आपल्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. आपल्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोग यशस्वी होतो. रीडिंग जुळलं नाही तर सीनिअरच्या जर्नलमधून ‘जुळवलं’ जातं. का जुळलं नाही, हे शोधायला वेळ नाही आणि त्याला मार्कही नाहीत. मग बिघडलेली वस्तू समोर आली की आपण गांगरतो, यात नवल काय?

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. कॉम्प्युटर लॅबच्या कोपऱ्यात ‘नॉट वर्किंग’ची चिठ्ठी लावलेले कीबोर्ड धूळ खात पडले आहेत. सेमिस्टरमध्ये एक प्रॅक्टिकल त्यांच्यावर ठेवा. दुरुस्त झाला नाही तरी चालेल, पण दोष कुठे आहे हे कारणासह शोधणाऱ्याला पूर्ण मार्क द्या. आणि आपणही, ‘बदलून टाक’ म्हणण्याआधी एकदा ‘कोणती गेली?’ एवढं तरी विचारूया.

हा लेख त्याच कीबोर्डवर टाइप केलाय. कुठे एखादा काना राहिला असेल, तर ती चूक मात्र माझीच!