तळातली बारीक ओळ

दिवाळी अंकांची निमंत्रणे सुटली आणि त्यांच्यामागोमाग आमच्याकडे तक्रारींची पत्रेही येऊ लागली. मानधन थकल्याची तक्रार जुनीच. यंदा बहुतेक पत्रांचा विषय वेगळा आहे: संमतिपत्र. कथा स्वीकारल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, पाठोपाठ पीडीएफ. त्यात कथा अप्रकाशित असल्याची हमी, पॅन, बँकेचा तपशील, आणि तळाला बारीक टायपात एक ओळ: मुद्रित, ई-बुक, ऑडिओ, चित्रपट, वेब मालिका आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांतले हक्क प्रकाशकाकडे कायमचे. मोबदला ‘अंकाच्या नियमानुसार’. आकडा नाही.

लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे चालणारा हक्क एका दिवाळीच्या मानधनात मागायला धाडस लागते. न वाचता सही करायला काय लागते, ते आम्ही लिहीत नाही.

1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 19 एकदा शांतपणे वाचा. हक्क द्यायचा तो लेखी आणि सहीनिशी. कोणता हक्क, किती मुदतीसाठी, कुठल्या प्रदेशापुरता, किती मोबदल्यात, हे सारे त्यात हवे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणजे कोऱ्या जागेत कायदा लेखकाच्या बाजूने उभा असतो. ‘कायमचे’ या शब्दाखाली सही करून त्याला आपणच घरी पाठवतो. ‘पुढे येणारी सर्व माध्यमे’ हा तर निव्वळ धाक. करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा करारात नेमका उल्लेख नसेल, तर त्याचा हक्क जात नाही, हे 2012च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे.

खरी अडचण संग्रहाच्या वेळी कळते. आधी अंकात, मग संग्रहात, हाच मराठी कथेचा वहिवाटीचा रस्ता. संग्रहाचा प्रकाशक ना-हरकत पत्र मागतो, तेव्हा तो अंक बंद पडलेला असतो, संपादक फोन उचलत नाहीत, आणि स्वतःच्याच कथेसाठी लेखक दारोदार फिरतो. ऑडिओवाल्यांनी विचारले तर तीच गत.

जाहिराती आटल्या, कागद महागला, हे अंकवाल्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यावर उतारा म्हणून वेब मालिकेचा हक्क कशाला हवा? आजवर अशा किती कथांच्या मालिका त्यांनी काढल्या?

आमचा राग ज्येष्ठांवर अधिक आहे. ज्यांची नावे मुखपृष्ठावर छापून अंक खपतो, त्यांनी ओळ खोडली तर कोणता संपादक कथा परत पाठवणार आहे? तेच मुकाट सही करतात आणि पहिली कथा पाठवणाऱ्या मुलीला सांगतात, ‘अगं, असंच असतं.’ असे नसते. तुम्ही तसे होऊ दिले आहे.

तेव्हा मंडळी, पेन घ्या. ती ओळ खोडा, शेजारी लिहा: ‘फक्त या दिवाळी अंकात एकदा छापण्यास परवानगी, इतर सर्व हक्क लेखकाकडे.’ मानधनाचा आकडा आणि तो मिळण्याची तारीख लिहून मागा. सही करा, प्रत जपून ठेवा. सही करून बसला असाल तर आजच पत्र लिहून ती अट मागे घ्यायला सांगा. आणि आलेल्या संमतिपत्राची एक प्रत आम्हाला पाठवा. तुमचे नाव झाकू, अंकाचे झाकणार नाही.